मोटारसायकल विकली, आकाश नाही सोडलं

तुमची बाइक विकायची वेळ आली, तर कशासाठी विकाल? नवीन मॉडेल घ्यायला? फी भरायला? घरी अडचण आली म्हणून? शंभरहून जास्त वर्षांपूर्वी लंडनमध्ये शिकणाऱ्या एका भारतीय मुलाने आपली मोटारसायकल विकली, ती डोळ्यांच्या डॉक्टरची फी भरायला. आजार काही नव्हता. त्याला लढाऊ विमान चालवायचं होतं आणि भरतीच्या वेळी नजर कमजोर म्हणून त्याला परत पाठवलं होतं. मोटारसायकलचे पैसे हातात आल्यावर त्याने एका नामांकित नेत्रतज्ज्ञाला गाठलं आणि डोळे पुन्हा तपासून घेतले. दुसरा रिपोर्ट त्याच्या बाजूने आला.

त्या मुलाचं नाव इंद्रलाल रॉय. पहिल्या महायुद्धातला भारताचा एकमेव 'एस'. शत्रूची पाच किंवा जास्त विमानं ज्याच्या नावावर असतील त्या वैमानिकाला 'एस' म्हणत. एस म्हणजे पत्त्यातला एक्का. इंद्रलालच्या नावावर दहा विमानं आहेत, तीही तेरा दिवसांत. जीकेची तयारी करत असाल तर तो तुम्हाला एका ओळीत भेटला असेल : डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळवणारा पहिला भारतीय. बरोबर उत्तर, एक मार्क, पुढचा प्रश्न.

पण थोडं थांबा. हा मुलगा गेला तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. तुमच्यापैकी बरेच जण आज त्याच्यापेक्षा मोठे आहात. मी बावीसची आहे, म्हणजे मीही. म्हणूनच या लेखात त्याला 'ते' न म्हणता 'तो'च म्हणणार आहे.

घर कलकत्त्याचं, शाळा लंडनची

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा, कलकत्त्याचा. घरात त्याला 'लॅडी' म्हणत. वडील बॅरिस्टर. आई ललिता रॉय ही तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इंग्लंडमध्ये बायकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून १९११ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर प्रचंड मोठी मिरवणूक निघाली होती. त्यात साडी नेसून चालणाऱ्या भारतीय बायकांमध्ये ललिता रॉय होत्या. ज्या देशाने आपल्या देशावर राज्य केलंय, त्याच देशाच्या राजधानीत उभं राहून हक्क मागणारी आई. मुलाला नकार ऐकून गप्प बसायची सवय का नव्हती, याचं थोडं उत्तर इथे मिळतं.

मुलं लहान असतानाच हे कुटुंब लंडनला आलं. इंद्रलाल तिथल्या सेंट पॉल्स या नावाजलेल्या शाळेत शिकला. अभ्यासात हुशार होता, ऑक्सफर्डची स्कॉलरशिप मिळालेली होती. म्हणजे पुढचा रस्ता अगदी आखलेला होता. ऑक्सफर्ड, मग बॅरिस्टरी किंवा आयसीएस, मग कलकत्त्यात मोठा बंगला. त्या काळच्या कुठल्याही भारतीय आईबापांना आणखी काय हवं असणार?

पण १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं. वर्गातली मोठी मुलं शाळा संपली की थेट खंदकात जाऊ लागली. त्याचा भाऊ परेशलालही फौजेत गेला. (हाच परेशलाल पुढे भारतीय बॉक्सिंगचा जनक म्हणून ओळखला गेला.) इंद्रलालच्या डोक्यात मात्र विमान होतं.

आणि इथे फक्त नजर आडवी येत नव्हती. त्याचा रंगही आडवा येऊ शकला असता. ब्रिटिश फौजेत लाखो भारतीय होते, पण ते शिपाई, नाईक, हवालदार, फार तर जमादार नि सुभेदार. गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचा हुद्दा, ज्याला किंग्ज कमिशन म्हणत, तो भारतीय माणसाला सहजी मिळत नव्हता. हरदितसिंग मलिक हा ऑक्सफर्डचा पदवीधर विमानदलात जायला निघाला, तर त्यालाही आधी दार बंदच मिळालं. तो फ्रेंचांच्या रेडक्रॉससाठी अँब्युलन्स चालवायला गेला. शेवटी त्याच्या प्रोफेसरांनी वरपर्यंत पत्र लिहिलं, तेव्हा कुठे त्याची वर्णी लागली.

इंद्रलालला रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये प्रवेश मिळाला तो एप्रिल १९१७ मध्ये. वय अठरा वर्षं चार महिने. हा महिना लक्षात ठेवा. ब्रिटिश हवाई इतिहासात तो 'ब्लडी एप्रिल' म्हणून ओळखला जातो. त्या एका महिन्यात फ्रान्सच्या आकाशात ब्रिटिशांनी सुमारे २४५ विमानं गमावली. पेपरमध्ये मृतांच्या याद्या छापून येत होत्या आणि हा मुलगा त्याच महिन्यात अर्जाच्या रांगेतून आत शिरत होता.

कापडाचं विमान, पॅराशूट नाही

विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर राफेल किंवा तेजस येत असेल. ते चित्र आधी पुसा. इंद्रलाल ज्या एसई ५ ए विमानात बसायचा, त्याचा सांगाडा लाकडाचा आणि वर कापड ताणून बसवलेलं. डोक्यावर छप्पर नाही. हजारो फुटांवरची थंडी थेट तोंडावर. ऑक्सिजन नाही. रेडिओ नाही, त्यामुळे सोबतच्या वैमानिकाला काही सांगायचं तर हातवारे करायचे किंवा विमानाचे पंख हलवायचे. आणि पॅराशूट? ब्रिटिशांनी आपल्या विमानांतल्या वैमानिकांना ते दिलंच नव्हतं. विमान पेटलं तर त्यासोबत खाली जाणं, एवढाच पर्याय.

दोन मशिनगन होत्या. एक समोर, फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून नेमकी वेळ साधून गोळ्या झाडणारी. दुसरी वरच्या पंखावर. तिच्यातल्या गोळ्या संपल्या की ती रुळावरून खाली ओढायची, रिकामा डबा काढायचा, भरलेला बसवायचा. आणि हे सगळं विमान उडत असताना, स्टिअरिंगचा दांडा गुडघ्यांत धरून, कुणीतरी मागून गोळ्या झाडत असताना. एका हाताने बाइक चालवत फोन उचलणाऱ्यांनो, जरा विचार करा. (आणि तसं करूही नका.)

मुळात ही लढाई होती कशासाठी? जमिनीवर दोन्हीकडचे सैनिक खंदकात रुतून बसले होते. समोरच्याच्या तोफा कुठे आहेत, कुमक कुठून येतेय, हे फक्त वरून दिसायचं. त्यासाठी दोन माणसं बसलेली टेहळणीची विमानं फिरायची. एक चालवायचा, दुसरा फोटो काढायचा किंवा आपल्या तोफखान्याला नेम सांगायचा. असं एक विमान तासभर डोक्यावर घिरट्या घालून गेलं की खाली शेकडो माणसं मरायची. लढाऊ वैमानिकाचं काम म्हणजे शत्रूचे हे डोळे फोडायचे आणि आपले डोळे वाचवायचे.

शवागारातून परत

जुलै १९१७ मध्ये इंद्रलाल सेकंड लेफ्टनंट झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस तो फ्रान्समध्ये ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. ही स्क्वाड्रन म्हणजे त्या काळची टॉपर मुलांची तुकडी. नामवंत वैमानिक तिच्यात होते. आपला नवा गडी मात्र तिथे चमकला वगैरे काही नाही. त्या काळी वैमानिकाचं ट्रेनिंग जेमतेम काही महिन्यांचं असायचं. शत्रूशी गाठ पडायच्या आधीच, नुसतं शिकताना कितीतरी मुलं मरायची. इंद्रलाल फ्रंटवर आला तो असाच, अर्धाकच्चा.

आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, एकोणिसावा वाढदिवस होऊन चार दिवस झालेले असताना, त्याचं विमान कोसळलं. नावावर एकही विजय नाही.

यापुढची गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. त्याला मेलेला समजून इस्पितळाच्या शवागारात ठेवलं. तिथे तो शुद्धीवर आला, दार ठोठावू लागला, शाळेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये हाका मारू लागला. बाहेरचा रखवालदार एवढा घाबरला की दार उघडायलाच तयार होईना. गोष्ट फिरता फिरता तिला थोडं तिखटमीठ लागलं असेलही. पण अपघात खरा होता, दुखापत खरी होती आणि त्यानंतरचा डॉक्टरांचा निकालही खरा होता : उड्डाणासाठी अनफिट.

आता सांगा, इथे थांबला असता तर कुणी नाव ठेवलं असतं? भरती झाला, फ्रंटवर गेला, जखमी झाला. ऑक्सफर्ड वाट बघत होतं. सन्मानाने घरी जायचं कारण त्याच्या खिशात होतं. सरकारी शिक्क्यासह.

त्याने त्या दिवसांत एक गोष्ट केली. तो विमानांची चित्रं काढत बसला. आकाशात एकमेकांमागे लागलेली विमानं, त्यांचे कोन, त्यांची वळणं. त्यातली बरीच चित्रं अजूनही जपलेली आहेत. ज्याला विमानात बसायला बंदी होती, तो कागदावर उडत होता. नुसता विरंगुळा म्हणूनही बघता येईल त्याच्याकडे. पण तुम्ही इंजिनीअरिंगला असाल किंवा आर्ट्सला, तुम्हाला माहीत असेल की एखादी गोष्ट हाताने काढल्यावर ती जशी कळते, तशी नुसती बघून कळत नाही. मला वाटतं तो अभ्यासच करत होता.

सोबत वरिष्ठांच्या मागे लागणं चालूच होतं. मला परत पाठवा. परत पाठवा. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. १ एप्रिल १९१८ ला रॉयल फ्लाइंग कोअर आणि नौदलाची हवाई शाखा एकत्र होऊन रॉयल एअर फोर्स जन्माला आली. ज्या दलात तो भरती झाला होता, त्याचं नावसुद्धा बदललं. हा अजून मागेच लागलेला. शेवटी मे उलटला आणि जूनमध्ये त्याला ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये पाठवण्यात आलं.

तेरा दिवस

तिथे त्याला एक चांगला माणूस भेटला. जॉर्ज मॅकेलरॉय, आयरिश, स्वतः मोठा एस. इंद्रलाल त्याच्या तुकडीत होता. गुरू चांगला मिळणं हे नशीब, पण शिकायला तयार होऊन जाणं हे आपल्या हातातलं.

६ जुलै १९१८. फ्रान्समधल्या अरास शहराच्या ईशान्येला, द्रोकूरजवळ इंद्रलालने पहिलं विमान पाडलं. दोन माणसांचं हानोव्हर, टेहळणीचं.

८ जुलै. चार तासांच्या आत तीन विमानं.

१३ जुलै. दोन.

१५ जुलै. दोन, तीही फोकर डी ७. जर्मनांचं त्या वेळचं सर्वांत जबरदस्त लढाऊ विमान.

१८ जुलै. एक.

१९ जुलै. एक.

मोजा. दहा. ब्रिटिशांच्या हिशोबात ताबा सुटून खाली गेलेली विमानंही धरत आणि दोघांनी मिळून पाडलेलंही प्रत्येकाच्या नावावर लागे, तसे काही विजय यात आहेत. तरीही तेरा दिवसांत दहा हा आकडा त्या काळातही थक्क करणारा होता. सात महिन्यांपूर्वी याच मुलाच्या नावापुढे शून्य होतं आणि कागदावर अनफिटचा शेरा.

२२ जुलै. तेरा दिवस संपून तीन दिवस झाले होते. कार्व्हिन गावावर इंद्रलालची फोकर विमानांशी गाठ पडली. त्याचं विमान पेटून खाली जाताना सोबत्यांनी पाहिलं. पॅराशूट नव्हतं, हे आधी सांगितलंच आहे.

वय एकोणीस वर्षं, सात महिने, वीस दिवस. महायुद्ध थांबायला ११२ दिवस बाकी होते. त्याला शिकवणारा मॅकेलरॉयही ३१ जुलैला गेला. सप्टेंबरमध्ये इंद्रलालला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हे पदकच मुळी त्या वर्षी जूनमध्ये सुरू झालेलं, आणि ते घ्यायला हा नव्हता.

युद्ध कुणाचं होतं?

आता तुमच्यातला कुणीतरी हात वर करेलच. आणि करायलाच हवा. हा मुलगा लढला तो इंग्रजांसाठी ना? ज्यांनी आपल्याला गुलाम केलं त्यांच्यासाठी? मग त्याचं कौतुक का?

प्रश्न बरोबर आहे. पण त्याला १९१८ मध्ये ठेवून बघा. त्याच उन्हाळ्यात गांधीजी गुजरातच्या खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरतीसाठी माणसं मागत होते. आणि लोकमान्य टिळकांनी गांधीजींना पन्नास हजार रुपयांचा चेक पाठवला होता. भारतीयांना फौजेत अधिकारी केलं जाईल असं वचन सरकारकडून आधी मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, नाही दिली तर हे पैसे तुमचे, अशी ती पैज. मदत करायची तर सौदा नको, असं म्हणत गांधीजींनी चेक परत केला. दोघांचे रस्ते वेगळे, पण टिळक ज्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यासाठी अडून बसले होते, तोच हुद्दा खांद्यावर लावून एक भारतीय मुलगा फ्रान्सच्या आकाशात बरोबरीने उडत होता. भारतीय माणूस हे करू शकतो का, या प्रश्नाचं उत्तर तो रोज देत होता.

तो एकटा नव्हता. चौघे होते. हरदितसिंग मलिक पायात गोळ्या घेऊन वाचला, नव्वदी ओलांडेपर्यंत जगला आणि स्वतंत्र भारताचा राजदूत झाला. एरोल चंदर सेन जर्मनांचा कैदी झाला. आणि चौथा आपल्या मुंबईचा, श्रीकृष्ण वेलिणकर. इंद्रलालने पहिलं विमान पाडलं त्याच्या आठवडाभर आधी, जून १९१८ च्या शेवटी, वेलिणकर जर्मनांच्या हाती सापडला आणि जखमांनी गेला. त्याचीही कबर फ्रान्समध्येच आहे. मराठी मुलांना हे नाव माहीत असायला हवं, नाही का?

या सगळ्याचं इंग्रजांनी काय बक्षीस दिलं? दहा लाखांहून जास्त भारतीय त्या युद्धात परदेशी लढायला आणि राबायला गेले. युद्ध संपलं आणि १९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा आला. १३ एप्रिलला जालियनवाला बाग. इंद्रलालला जाऊन नऊ महिनेही झाले नव्हते. तो जगला असता तर ही बातमी वाचून त्या पदकाचं त्याने काय केलं असतं? आपल्याला कधीच कळणार नाही. पण त्याची गोष्ट सांगताना ही बाजू गाळली, तर ती पोस्टरवरची गोष्ट होते, माणसाची राहत नाही.

आणखी एक. त्या दहा विमानांत माणसं होती. बऱ्याच विमानांत दोन दोन. तीही अठरा-वीस वर्षांचीच असतील, त्यांच्याही घरी कुणीतरी पत्राची वाट बघत असेल. शत्रूकडेही एस होते, त्यांचेही आकडे मोजले जात होते आणि २२ जुलैला त्यातल्याच एखाद्याच्या आकड्यात आपला इंद्रलाल जमा झाला. युद्धातल्या हिरोची गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो. तो कशाने येतोय, हेही एकदा तपासावं.

मग घ्यायचं काय?

माझं मत सांगते. ते तेरा दिवस नाही. तेरा दिवसांत दहा विमानं ही गोष्ट रील बनवायला चांगली आहे, पण ती तुमच्या-माझ्या आयुष्यात उतरणारी नाही आणि उतरूही नये. मला महत्त्वाचे वाटतात ते त्याआधीचे सात महिने. ज्यांचा एकही फोटो नाही, एकही पदक नाही. शेरा अनफिटचा, स्कोअर शून्याचा आणि मुलगा खाटेवर चित्रं काढत बसलेला.

आपल्याकडे एकदा निकाल लागला की आपण तो कपाळावर चिकटवून फिरतो. केटी लागली, मी मॅथ्सचा नाही. एनडीएच्या मेडिकलला गेलो, बाहेर पडलो, विषय संपला. खरं तर आज तिथेही अपिलाची सोय आहे, पुन्हा तपासणी मागता येते. इंद्रलालने दोनदा तेच केलं. पण नीट बघा, त्याने तपासणी चुकवली नाही, ओळख लावून शेरा पुसून घेतला नाही. एकदा स्वतःची वस्तू विकून दुसरा डॉक्टर गाठला. दुसऱ्यांदा सात महिने थांबला, मागत राहिला आणि पुन्हा शिकायला तयार झाला. हट्ट आणि तयारी दोन्ही एकत्र. नुसत्या हट्टाने तो डिसेंबरमध्येच मेला असता.

आणि हेही खरं की प्रत्येक दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट आपल्या बाजूने येत नाही. त्याचा नसता आला तरी त्याने विचारलं होतं, एवढं उरलं असतं.

इंद्रलालची कबर फ्रान्समधल्या एस्तव्हेल या छोट्या गावाच्या दफनभूमीत आहे. तिच्या दगडावर बंगाली अक्षरं कोरलेली आहेत. १९९८ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला, भारताच्या टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. कोलकात्यात भवानीपूरला इंद्र रॉय रोड आहे. कधी तिकडे गेलात तर त्या रस्त्यावरून चालून या. आणि सोबत कुणी असेल, तर हा इंद्र रॉय कोण, ते त्याला सांगा. एका ओळीत नको.